टाकीमागे

ब्लफ, २७ मार्च २०१९

आई,

हे पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवते आहे. खालचा केक काढण्याआधी वाच.

खोक्यात व्हेप आहे, म्हणजे ती विजेवरची सिगारेट, त्यात भरायच्या रसाच्या दोन बाटल्या, तीन जादा कॉइल आणि एक जादा बॅटरी. बेटावर पक्षी धरायच्या दोन महिन्यांत तू धुराशिवाय राहणार नाहीस, हे मला माहीत आहे. आणि धूर सोडला नाहीस तर पुढच्या मोसमात ती चढण चढणार नाहीस, हे तुला माहीत आहे. छातीचा फोटो जूनवर गेला असं तू म्हणालीस. तोवर निदान तंबाखू नको.

दुकानात दिवसभर लोकांना जे सांगते तेच तुला सांगते. लोक मान हलवतात, घरी जातात आणि तीच चूक करून परत येतात. तू तरी ऐक. कॉइल म्हणजे कापसात गुंडाळलेली तार. नवी घातलीस की रस भर आणि दहा मिनिटं हात लावू नकोस, कापूस भिजू दे. कोरडा कापूस जळतो आणि तो जळका धूर घशात गेला की दिवसभर खोकला. ओढताना सिगारेटीसारखं जोरात ओढायचं नाही, त्यानं घसा बसतो. सावकाश, गरम चहा पितेस तसं. रस भरताना मधल्या भोकात भरू नकोस. ते हवेचं आहे, तिथे भरला तर रस तोंडात येतो आणि मळमळतं. सारखं ओढत बसू नकोस. निकोटिन यातून नकळत चढतं, मग चक्कर येते, भूक जाते. बॅटरी डबीत दिली आहे. ती डबीतच राहू दे. खिशात किल्ल्या, सुरी, चिल्लर यांच्याबरोबर सुटी बॅटरी कधीही टाकायची नाही. जनरेटर चालू असेल तेव्हाच चार्ज कर, आणि उशीजवळ नाही. बाटल्या उंचावर ठेव. स्ट्रॉबेरीचा वास आला की राविरीची पोर मेरेआना पिऊन टाकेल.

काही अडलं तर लिही. वायरलेसवर विचारू नकोस, सगळी बेटं कान लावून बसलेली असतात.

तुझं मांजर माझ्याकडे यायला तयार नाही. दुकान बंद केलं की तुझ्या घरी येऊन त्याला खायला घालते. आत्ताही तिथूनच लिहिते आहे.

पिरी


बेट, ६ एप्रिल

पिरी,

तुझं खोकं मिठाच्या गोण्यांबरोबर हेलिकॉप्टरनं आलं. केक त्याच दिवशी संपला. पत्र आईनं कोणाला दिलं नाही. वाचलं, बारीक घडी केली आणि खिशात घातलं. तेओने मामानं लांबून पानं पाहिली. म्हणाला, "एवढ्या सूचना माझ्या बोटीच्या इंजिनाला नव्हत्या."

आई म्हणाली, "म्हणून तर तू दोनदा वल्हवत घरी आलास."

यंदा तीती पक्ष्यांची पिल्लं भरपूर आहेत आणि लठ्ठ आहेत. आईनं पहिले तीन दिवस आमच्याबरोबर काम केलं, पोटावर पडून, बिळात खांद्यापर्यंत हात घालून. माझ्यापेक्षा जास्त पक्षी काढले आणि ते मला ऐकवलंही. चौथ्या दिवशी ती रानातून लवकर परत आली. म्हणाली, "पिरीच्या यंत्रानं घसा जाळला." कापूस भिजेपर्यंत दम धरला नाही म्हणे. तेव्हापासून खोकते आहे.

आमच्यासमोर ती ओढत नाही. पाण्याच्या टाकीमागे जाते. मामानं एकदा झुरका मागितला तर म्हणाली, "औषध आहे. वाटायचं नसतं." बाबांचा तंबाखूचा डबा तिनं बरोबर आणला आहे, भरलेला. म्हणते, वास घ्यायला. मी बोललो नाही. तूही बोलू नकोस.

खाली ती दोन ओळी लिहिणार आहे.

राविरी

पिरी, तू लिहिलंस तसंच झालं बघ. मी घाई केली. घसा खरवडून निघाला आहे. चार दिवसांत जाईल ना? केकमध्ये साखर कमी होती. आई.


इन्व्हरकार्गिल, १२ एप्रिल

राविरी,

आईला सांग, हे दर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं होतं. मागच्या आठवड्यात एक ट्रक ड्रायव्हर आला होता. दोन दिवसांत तीन कॉइल जाळल्या आणि वर मला म्हणाला, "माल खोटा आहे." मी त्याच्यासमोर एक कॉइल भिजवली, घड्याळ लावलं, दहा मिनिटं त्याला उभं केलं. निमूट घेऊन गेला.

जळलेली कॉइल टाकून द्या. तिच्यात पुन्हा कितीही रस घातला तरी जळकाच वास येतो. नवी घाला. ओढायचं हळू. ती जोरात ओढत असणार, चाळीस वर्षांची सवय आहे. आवाज बसला असेल तर त्यानंच. पाणी जास्त प्यायला लाव.

खोकल्याची काळजी नको. सिगारेट सोडली की पहिले दोन-तीन आठवडे छाती आतली घाण बाहेर काढते. दुकानात सगळे हेच सांगत येतात आणि महिन्यानं खडखडीत बरे होऊन येतात.

टाकीमागे जाऊ दे तिला. लाज वाटत असेल. इतकी वर्षं आपण तिला धुरासकट पाहिलं आहे, वाफेसकट दिसायला संकोच होत असेल.

आई, तुझी पत्रं तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आहेत. एक इस्पितळाचं आहे. उघडू का?

पिरी


बेट, १९ एप्रिल

पिरी,

आज गुड फ्रायडे. मेरेआना सोडून कोणालाही ते आठवलं नाही. तिलाही चॉकलेटच्या अंड्यांमुळे आठवलं.

आई आता रानात येत नाही. मिठाच्या टेबलाशी बसते. आम्ही पक्षी आणतो, पिसं काढतो, मेणात बुडवतो, साफ करतो आणि ती मीठ लावून बादलीत रचते. हात तेवढाच चालतो. तोंडही चालतं, पण आवाज घोगरा झाला आहे. मामा म्हणतो, आता वायरलेसवर ती बोलली तर लोकांना मी बोलतो असं वाटेल.

सोमवारी धक्क्यावरून सामान आणायला उतरली होती. वर येताना मेरेआना तिच्याबरोबर होती. पोरगी घरात शिरताच ओरडली, "ताउआ तीनदा बसली!" आजीला तिनं असं उघडं पाडलं तशी आई म्हणाली, "बसले नाही, समुद्र बघत होते." मला नंतर म्हणाली की रस मधल्या भोकात भरला गेला, तोंडात आला, दिवसभर मळमळत होतं, चक्कर आली. रात्री तिनं उकडलेल्या तीतीला हात लावला नाही. आईनं! मोसमातली पहिली उकड, नवा बटाटा, आणि ती चहा पिऊन उठली.

मी यंत्र बघायला मागितलं. म्हणाली, "तुला काय कळतं? पिरीला लिही."

म्हणून लिहितो.

राविरी

इस्पितळाचं ते पाकीट उघडू नकोस. चष्म्याचं असणार. आल्यावर बघेन. मांजराला कच्चा मासा देऊ नकोस, त्याला सोसत नाही. आई.


इन्व्हरकार्गिल, २४ एप्रिल

राविरी,

मधल्या भोकात रस भरणं ही सगळ्यात जुनी चूक. मी तिला स्पष्ट लिहिलं होतं. तिला म्हणावं, यंत्र तिरकं धरून कडेनं भर.

पण चक्कर आणि भूक न लागणं हे मला निकोटिनचं वाटतं. मी तिला कडक रस दिला, कारण ती दिवसाला तीस ओढायची. ती सारखं ओढत असेल तर तो जास्त होतो आहे. या खेपेला सौम्य रसाची बाटली पाठवते. आधीच्या दोन्ही बाजूला ठेवा. दिवसातून किती वेळा टाकीमागे जाते ते मोज, तिला न कळता.

एक विचारते. ती बारीक झाली आहे का? रस जास्त झाला की वजन उतरतं, म्हणून विचारते.

आई, पाकीट उघडलं नाही. पण त्यावर लाल शिक्का आहे. चष्म्याच्या पत्रावर लाल शिक्का कशाला मारतील? तू नको म्हणालीस म्हणून तसंच ठेवलं आहे. मांजर त्याच्यावर बसतं.

पिरी


बेट, ३ मे

पिरी,

आधी हे सांगतो की आई ठीक आहे.

मंगळवारी दुपारी ती मीठ लावत होती. एप्रनच्या खिशात मूठभर मीठ ठेवायची तिची सवय तुला माहीत आहे, गोणी हाताशी असली तरी. त्या खिशात मीठ होतं, ओलं झालेलं. तिची छोटी सुरी होती. आणि तुझी जादा बॅटरी होती. आधी फुस्स आवाज झाला. तिनं खाली पाहिलं. म्हणाली, "हे काय गं बाई." मग खिशातून पांढरा लोळ निघाला. मामानं एप्रनची दोरी कापली आणि एप्रन दाराबाहेर भिरकावला. तो गवतात पडून बराच वेळ फुत्कारत होता.

आई ओरडली नाही. मेरेआना ओरडली.

मांडीवर तळहाताएवढं भाजलं आहे. आम्ही तिला टाकीच्या नळाखाली बसवलं. शेजारच्या घरात एक नर्स आहे, ती आली, तिनं पट्टी बांधली. तिनं विचारलं, "हा खोकला कधीपासून?" आई म्हणाली, "मुलीनं यंत्र दिलं तेव्हापासून." नर्स म्हणाली, "माझ्या नवऱ्याचंही तेच. सोडत नाही आणि खोकत राहतो."

हेलिकॉप्टरला वायरलेसवरून विचारलं. तीन दिवस धुकं होतं. आता धुकं नाही, पण आई म्हणते, चटका बसला म्हणून हेलिकॉप्टर बोलावलं तर सगळ्या बेटांत आपलं हसू होईल.

बॅटरी डबीत का नव्हती म्हणून विचारलं. डबीत तिनं सुया ठेवल्या आहेत.

बारीक झाली आहे का ते कळत नाही. तीन स्वेटर घालते. टाकीमागे दिवसातून सात-आठ वेळा जाते. एकदा मी मागे गेलो तर म्हणाली, "बाईमाणसाला एकटं सोडावं कधी तरी."

राविरी


इन्व्हरकार्गिल, ७ मे

राविरी,

डबी कशासाठी होती? सुयांसाठी? मी काय लिहिलं होतं? सुरी, किल्ल्या, चिल्लर. मिठाचं मला सुचलं नाही. दुकानात कोणाच्या खिशात मीठ नसतं. पण मी तिच्या त्या टेबलाशी वाढले आहे, मला सुचायला हवं होतं.

भरलेली बॅटरी होती का? पूर्ण भरलेली असेल तरच एवढा लोळ उठतो. मी भरूनच दिली होती, पण महिन्याभरात ती वापरून उतरायला हवी होती. ते जाऊ दे.

तिला पाठव. चटक्यासाठी नको, माझ्यासाठी पाठव. ऐकत नसेल तर म्हणावं, पिरी आजारी आहे.

नाहीच आली तर एवढं करा. व्हेप काढून घ्या, ठेवून द्या. तो बंद झाला की खोकला पंधरा दिवसांत थांबेल. नाही थांबला तर माझं सगळंच चुकलं.

पिरी


बेट, १३ मे

पिरी,

राविरी रानात आहे. मीच लिहिते. अक्षर असं आहे कारण मांडीवर पाटी ठेवता येत नाही.

यंत्र ठेवून दिलं आहे. खोकला कमी आहे. तेव्हा मला पाठवा पाठवा असं राविरीला लिहू नकोस. तो तुझं ऐकतो. लहानपणापासून तुझं ऐकतो आणि माझ्याशी भांडतो. मोसम संपायला अठरा दिवस आहेत. ते मला मिळू देत.

तुझी पत्रं मला आवडतात. राविरीचं वाचून झालं की मी पुन्हा घेते. दुकानात तू अशीच बोलतेस का? मग लोक ऐकत का नाहीत? तुझे बाबा तर शब्द न बोलता सगळं विकायचे.

मेरेआनाला मीठ लावायला शिकवते आहे. पोटात भरते, पाठीला चोळते, पंखाखाली विसरते. तूही विसरायचीस. पंखाखाली राहिलं की तिथून सडायला लागतं, बादली उघडल्यावर कळतं, तेव्हा उपयोग नसतो.

एप्रन जळला तो बरा जळला. डाग निघत नव्हते.

काल पश्चिमेकडून वारा होता आणि संध्याकाळी हजारो तीती एकदम समुद्रावरून घरी आले. मी बाहेर बसून सगळे येईपर्यंत पाहिले.

मांजराला माझ्या खुर्चीवर बसू दे.

आई


बेट, १ जून

पिरी,

आईच्या मातीच्या वेळी तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या शेजारी तीन दिवस बसून राहिलो आणि बोललो नाही. आता घर बंद करायला परत आलो आहे. इथून मी थेट ओबानला घरी जाईन, ब्लफला थांबणार नाही. म्हणून लिहितो.

तू फक्त इस्पितळातलं पाहिलंस. इथलं सांगतो. एकवीस मेच्या मंगळवारी सकाळी मेरेआना तिला नाश्त्याला बोलवायला टाकीमागे गेली. परत येऊन म्हणाली, "ताउआ उत्तर देत नाही, पण डोळे उघडे आहेत." ती टाकीला टेकून बसली होती. श्वास घेत होती, पण वर वर. ओठ निळे. मी उचललं तेव्हा मला कळलं की तीन स्वेटरांच्या आत काहीच नव्हतं. मेरेआनाला उचलतो तेवढंच वजन.

डॉक्टरनं सांगितलं ते तूही ऐकलंस. दोन्ही फुप्फुसांत कॅन्सर, वर्षभर तरी जुना. तू बाहेर गेलीस तेव्हा मी त्याला विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? तो म्हणाला, बरी झाली नसती. काही महिने मिळाले असते, आणि श्वासाचे हाल झाले नसते.

मी सात आठवडे तिच्या शेजारच्या खाटेवर झोपलो. मला खोकला ऐकू येत होता. बाबांचा तो खोकला मी चौदाव्या वर्षी ओळखला होता, भिंतीपलीकडून. आईचा मला पहिल्या आठवड्यात ओळखू आला असता. पण दर वेळी मनात यायचं, पिरीनं लिहिलं आहे, हे असं होतंच. कापूस जळला. जोरात ओढला. रस कडक आहे. पंधरा दिवसांत जाईल. तू दर पत्रात एक कारण पाठवलंस आणि मी दर वेळी निर्धास्त झोपलो.

तुझ्या त्या यंत्रानं तिला मारलं असं मी म्हणत नाही. त्यानं तिला झाकलं. तुला सगळं माहीत असतं, पिरी. तुझ्या काउंटरवरून सगळी माणसं सारखीच दिसतात.

दरवर्षी तू म्हणतेस, पुढच्या वर्षी येते. पुढच्या वर्षी येऊ नकोस.

तिची पिशवी बोटीनं पाठवतो आहे. मी उघडली नाही, माझ्यानं होत नाही. व्हेप आत आहे, तुझं तू घे. बाबांचा डबा आहे, तो माझ्यासाठी ठेव. एवढंच कळव, त्यात तंबाखू उरला आहे का. टाकीमागे बसून तिनं चोरून दोन झुरके मनासारखे घेतले असतील, तर मला तेवढं बरं वाटेल. बाकी काही लिहू नकोस.

राविरी


इन्व्हरकार्गिल, ६ जून
(हे पत्र पाठवलेलं नाही.)

राविरी,

पिशवी काल आली. दुकान बंद करून आतल्या टेबलावर उघडली. तिथे मी लोकांची बिघडलेली यंत्रं उघडते, दिवा चांगला आहे.

व्हेपची टाकी कोरडी आहे. कॉइल काढली. कापूस पांढरा आहे. जळालेला नाही, भिजलेलाही नाही. रसाचा एक थेंब लागला असता तरी तो पिवळा पडला असता. तिन्ही जादा कॉइल बंद पाकिटात आहेत. रसाच्या तिन्ही बाटल्यांची सीलं शाबूत आहेत. आतली बॅटरी मी मीटर लावून मोजली. मी भरून दिली होती तेवढीच भरलेली आहे. मांडीवर फुटली तीही म्हणूनच तशी फुटली.

तिनं ते एकदाही तोंडाला लावलं नाही.

सुयांची डबी उघडली. सुयांखाली माझं पहिलं पत्र आहे, नखाएवढी घडी करून. उलगडलं. कापूस भिजू दे, तिथे कडेला सुईनं भोक पाडलं आहे. जोरात ओढू नकोस, तिथे एक. मधलं भोक, तिथे एक. सारखं ओढू नकोस, तिथे एक. वापरून झालेल्या जागा. मी ज्या चुका करू नकोस म्हणून लिहिल्या, त्याच तिनं ओळीनं झाल्या म्हणून सांगितल्या, आणि मी ओळीनं उत्तरं दिली. दुकानात सगळे त्याच चुका करतात, म्हणून मला एकदाही शंका आली नाही. बॅटरीपुढे भोक नाही. तेवढी एकच चूक खरी होती. आपण बॅटरी बदलायला निघालो आहोत असं तुला दिसावं म्हणून ती खिशात ठेवायची, असं मला वाटतं.

आईच्या टेबलावरचं इस्पितळाचं पाकीट आणून मी आता उघडलं. छातीचा फोटो जूनवर गेला नव्हता. तो फेब्रुवारीतच निघाला होता. पुढच्या तपासण्यांसाठी मार्चमध्ये दोनदा बोलावलं होतं, ती गेली नाही. हे तिसरं पत्र. त्यात सगळं आहे. मी दोन महिने त्याच्यावर मांजर बसू दिलं.

डबा भरलेला आहे, राविरी. काठोकाठ, वर तिच्या अंगठ्यानं दाबलेला, तिचा अंगठा त्यात अजून उमटलेला आहे. ओढण्याइतका श्वासच तिच्यात उरला नव्हता. ती टाकीमागे खोकायला जात होती. दिवसातून सात-आठ वेळा. आणि रक्त पडायचं ते एप्रनला पुसायची. तिथे सगळ्यांच्याच एप्रनवर रक्त असतं.

माझ्या यंत्रानं तिला झाकलं नाही. तिनं स्वतःला झाकलं आणि त्यासाठी मला वापरलं. आणि तुला. दर पत्रात तिचं खोटं तुझ्या अक्षरात आहे. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. तुला पाठवू शकते. पांढरा कापूस पाठवू शकते, एका पाकिटात मावेल.

मग तू निर्दोष आणि मीही निर्दोष. आणि तू प्रत्येक मोसमात त्या टाकीमागे जाऊन बघशील, ती तिथे कशी बसत असेल.


इन्व्हरकार्गिल, ८ जून

राविरी,

पिशवी मिळाली.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी दर वेळी कारण दिलं, आणि दर वेळी मला खात्री होती. एकदाही लिहिलं नाही की तिला नीट बघ. व्हेप उघडून पाहिला. खूप वापरलेला आहे. कापूस काळा पडला होता, रस संपत आला होता. तो मी फेकून दिला.

मेरेआनाला सांग, पंखाखाली मीठ विसरू नकोस. मी नाही येणार, तेव्हा ते तिनंच लक्षात ठेवायला हवं.

बाबांचा डबा रिकामा होता. तळाला चिमूटभरही नव्हतं. पुसून ठेवला आहे, तुला हवा तेव्हा घेऊन जा.

पिरी